फर्लो संपताना: नाशिकहून पुन्हा सेवेच्या गावी

नाशिक रोडला कुणी "मी फर्लोवर आलेय" म्हणालं, तर ऐकणाऱ्याची नजर जेल रोडकडे वळते. फर्लो म्हणजे कैद्याची रजा, हे सेंट्रल जेलच्या आसपास वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्यांना याच शब्दाचा दुसरा अर्थ माहीत आहे. "साहेब फर्लोवर गेलेत" म्हणजे गोरे मिशनरी काही वर्षं सेवा करून बोटीनं मायदेशी गेले, यथावकाश परत येतील. आता गाडी उलट्या दिशेनं धावते. आमच्यासारखे नाशिकचे लोक बाहेरदेशी शिकवायला जातात आणि फर्लोवर नाशिकला येतात.

मी केनियाच्या किनाऱ्यावर, मोम्बासापासून दोन तासांवर, एका मिशनच्या माध्यमिक शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवते. अकरा वर्षं झाली. या काळात पाच वेळा घरी आले आणि पाच वेळा परत गेले. पहिल्यांदा निघणाऱ्याला सल्ला द्यायला सगळं गाव जमतं. पहिल्या सुटीवर आलेल्याला मात्र कोणी काही सांगत नाही, कारण सगळ्यांना वाटतं, आता हिला सगळं येतं. खरं तर दुसरं जाणंच अवघड. पहिल्यांदा माणूस उत्साहावर आणि बऱ्याचशा अज्ञानावर निघतो. दुसऱ्यांदा तिथला घामट जानेवारी, मलेरिया, नळाचे नखरे आणि इथं आईचे गुडघे, हे सगळं डोळ्यांसमोर असताना बॅग भरायची असते. हे लिहिलंय ते अशा दुसऱ्यांदा निघणाऱ्यांसाठी. उदाहरणं केनियाची आहेत, कारण माझा अनुभव तिथला. टांझानिया, झांबिया किंवा आणखी कुठे असाल तर नियम तिथले बघा, क्रम हाच ठेवा.

१. तिकडून निघण्याआधी

परतीची पहिली पायरी नाशिकला नाहीच, ती तिकडे आहे. केनियाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन सत्रं असतात, आणि मोठी सुटी नोव्हेंबर-डिसेंबरात. म्हणजे नाताळ घरी करता येतो, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फळ्यासमोर उभं राहावं लागतं. मधे सरकायला जागा नाही.

म्हणून निघण्याआधी वर्क परमिटची तारीख बघा. केनियात धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी 'क्लास आय' परमिट असतं, नोकरीसाठी 'क्लास डी'. तुमचं कोणतं आहे आणि कधी संपतं, हे शाळेच्या ऑफिसला विचारू नका, स्वतः कागद उघडून वाचा. माझ्या दुसऱ्या सुटीत परमिट संपणार होतं, नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेलाच नव्हता, आणि मी "होईल की" म्हणत नोव्हेंबरात विमानात बसले. सात आठवडे नाशिकला अडकून पडले. दहावी-अकरावीच्या वयाची पोरं तेवढे दिवस भौतिकशास्त्राविना बसली. चूक अर्धी ऑफिसची असेल, अर्धी माझीच होती. जानेवारी २०२४ पासून केनियानं व्हिसा काढून टाकून ऑनलाइन प्रवास परवानगी आणली आहे. पण ती पाहुण्यांसाठी. तिच्यावर आत जाऊन शिकवायला लागलात तर ते बेकायदा काम होतं, आणि त्याचा डाग तुमच्यापेक्षा शाळेला जास्त लागतो. शिक्षकांची नोंदणी करणाऱ्या टीचर्स सर्व्हिस कमिशनचा कागदही त्याच फायलीत ठेवा.

दुसरं, पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड पासपोर्टला रबरबँड लावून ठेवा. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसलं, तर मुंबईच्या विमानतळावरून घरी न जाता विलगीकरणात जाल. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते, पण लागू होते ती टोचल्यापासून दहा दिवसांनी.

तिसरी गोष्ट मी उशिरा शिकले. मुलांना परतीची तारीख सांगू नका. "येणार आहे" एवढं सांगा. तारीख सांगितली की ती मुलं तारीख मोजतात.

२. पहिले दहा दिवस

नाशिकला उतरल्या-उतरल्या चर्चच्या तरुण संघाचा फोन येतो, महिला मंडळाचा येतो, शब्बाथ शाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेच्या, बाईंचा येतो. सगळ्यांना नम्रपणे अकराव्या दिवसानंतरचं सांगा. हे दहा दिवस झोप, आईच्या हातचं जेवण आणि डॉक्टर यांचे. दात, डोळे, रक्त, सगळं याच दिवसांत तपासून घ्या. दाढेचं काम निघालं तर तीन-चार खेपा होतात, आणि शेवटच्या आठवड्यात दाढ काढून विमानात बसणं ही शिक्षा आहे. मी भोगली आहे.

तापाबद्दल मात्र थांबून सांगते. पहिल्या सुटीत आल्यावर नवव्या दिवशी मला ताप भरला. नाशिकमध्ये त्या मोसमात ताप म्हणजे डेंगी किंवा चिकुनगुन्या, म्हणून एका दवाखान्यात त्याच्याच तपासण्या झाल्या. त्या निगेटिव्ह आल्या आणि व्हायरल म्हणून गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या दिवशी मी भिंत धरून चालत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "गेल्या महिन्यात कुठे प्रवास?" तेव्हा माझ्या तोंडून पहिल्यांदा आफ्रिका शब्द निघाला. तासाभरात रिपोर्ट आला, फॅल्सिपेरम मलेरिया. पहिल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नव्हता, मी त्यांना सांगितलंच नव्हतं. घरी आल्यावर तीन महिन्यांच्या आत कसलाही ताप आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच पहिलं वाक्य हेच: "मी आफ्रिकेतून आलेय, मलेरिया बघा." सर्दीसारखं वाटलं तरी.

३. कागद, बँक आणि तो ओटीपी

यात रस कोणालाच नाही, म्हणून भराभर सांगते. पासपोर्टची मुदत परतीच्या दिवशी सहा महिन्यांहून जास्त उरलेली हवी. पोलिसांचा चारित्र्य दाखला परमिटसाठी लागणार असेल तर पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज पहिल्या पंधरवड्यातच टाका. पोलीस चौकशीला घरी येतात आणि नेमके तुम्ही मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सहलीला गेलेले असता.

बाहेर नोकरीला असाल तर तुमचं जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. बरेच जण करत नाहीत आणि काही होत नाही असं समजतात, पण नियम तसा आहे. जुनं पीपीएफ मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. आयकराच्या दृष्टीनं तुम्ही अनिवासी आहात की नाही हे मुख्यतः भारतातल्या दिवसांवर ठरतं, तेव्हा आल्या-गेल्याच्या शिक्क्यांची पानं झेरॉक्स करून ठेवा.

आणि सिम कार्ड. आमच्या निम्म्या अडचणी त्या इवल्याशा तुकड्यात आहेत. ९० दिवस नंबर वापरला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि बँक, आधार, आईची औषधं मागवायचं ॲप, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या, दर महिन्याला त्यावरून एक तरी मेसेज पाठवा. घरच्या कोणाकडे सिम ठेवून जाणारेही आहेत. मग रात्री अकराला दादाला उठवून "आलेला नंबर वाच" म्हणावं लागतं.

४. मंडळीपुढे उभं राहताना

इथे मी रेंगाळणार आहे, कारण फर्लोचं खरं काम हेच. पौल आणि बर्णबा पहिल्या फेरीनंतर अंत्युखियाला परतले, तेव्हा त्यांनी मंडळी जमवून घडलेलं सगळं सांगितलं आणि मग बरेच दिवस तिथंच राहिले, असं प्रेषितांच्या कृत्यांच्या १४व्या अध्यायाच्या शेवटी आहे. आधी हिशेब, मग मुक्काम. आपण बहुतेक वेळा मुक्काम करतो आणि हिशेब निघण्याच्या आदल्या रविवारी उरकतो.

पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पास्टरना, आधी एकट्यानं भेटा. त्यांना चांगलं-वाईट सगळं सांगा, थकवा आला असेल तर तोही. मंडळीपुढे सगळंच सांगायचं नसतं, पण एका तरी माणसापुढे सांगायचं असतं. एका सुटीत मी त्यांना म्हटलं होतं, "साहेब, मला परत जावंसं वाटत नाही." त्यांनी उपदेश केला नाही. "पंधरा दिवसांनी पुन्हा ये, तेव्हाही तेच वाटलं तर समितीला मी सांगतो," एवढंच म्हणाले. पंधरा दिवसांनी तसं वाटलं नाही. पण ज्यांना तेव्हाही वाटतं, त्यांनी थांबावं. न जाणं हा निर्णय असतो, पाप नव्हे. अर्धवट मनानं गेलेला शिक्षक मुलांना आठवड्यात कळतो.

आता साक्ष, म्हणजे सेवेचा अनुभव मंडळीला सांगणं. दोन मिनिटांची, दहा मिनिटांची आणि अर्ध्या तासाची, अशी एकच साक्ष तीन मापांत तयार ठेवा. दोन मिनिटांची सगळ्यात जास्त लागते, उपासनेनंतर चहाच्या कपासोबत मावश्या विचारतात, "कसं काय गं तिकडे?" आणि उत्तर संपायच्या आत त्यांची रिक्षा येते. मी एकाच विद्यार्थ्याची एकच गोष्ट सांगते, नाव बदलून. अर्ध्या तासाच्या साक्षीत मात्र आकडे सांगा. वर्गात किती मुलं, किती पुस्तकं, वसतिगृहात पाणी किती दिवस येतं. आकड्यांवर लोक नेमकं बोलतात आणि नेमकी प्रार्थना करतात.

फोटोंबद्दल माझा नियम कडक आहे. फाटक्या कपड्यांतल्या, नाक वाहणाऱ्या पोराचा फोटो दाखवू नका. त्याच्या आईनं तो तुमच्या प्रोजेक्टरवर शरणपूरच्या हॉलमध्ये लावायला दिलेला नाही. कॅमेरा बघून मुलं हसतात, म्हणजे संमती दिली असं होत नाही. वर्गाचा, फळ्याचा, प्रयोगाचा फोटो दाखवा. शिकवणाऱ्या केनियन सहकाऱ्यांचा दाखवा. तुम्ही गेल्यावर शाळा तेच चालवतात.

लोकांच्या डोक्यात आफ्रिका म्हणजे झोपडी आणि सिंह. ते चिडून खोडू नका, एखादी गोष्ट पुढे ठेवा. मी मोबाईलवरच्या पैशांची ठेवते. आपल्याकडे यूपीआय २०१६ साली आलं. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, आणि साध्या बटणांच्या फोनवरून भाजीवालीला पैसे जातात. हॉलमध्ये तेवढ्यानं शांतता होते.

आणि नाशिककरांना सांगायची एक गोष्ट तर आपल्या दारातच आहे. शरणपूर रोडवर रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी हे ख्रिस्ती गाव वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं-मुली इथं आणून शिकवली? 'नासिक बॉइज' म्हणत त्यांना. जेकब वेनराइट त्यांतलाच. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं हृदय जिथं पुरलं तिथं प्रार्थना यानं वाचली, झाडावर नाव यानं कोरलं, आणि देह इंग्लंडपर्यंत यानं सोबत नेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला हा तरुण होता. पुढे १८७४-७५ मध्ये प्राइस मोम्बासाला गेले आणि तिथं सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रेरेटाउन वसवलं. शरणपूरला वाढलेले कितीतरी जण तिकडे शिक्षक, सुतार, उपदेशक झाले. मी मोम्बासाला गेले की केंगेलेनीच्या घंटेपाशी एकदा थांबते. केंगेले म्हणजे घंटा, वस्तीचं नावच तिच्यावरून पडलंय. ज्यांना लहानपणी पळवून नेलं, जे गोदेकाठी वाढले आणि मोठेपणी त्या किनाऱ्यावर शिकवायला गेले, त्यांना घर कोणतं म्हणायचं, हा प्रश्न मला दर फर्लोत पडतो. साक्षीत मी तो विचारते आणि उत्तर देत नाही.

५. पाकिटं

साक्षीनंतर हातात पाकिटं पडतात. शंभराचं, पाचशेचं, कधी नातवाच्या पहिल्या पगारातलं. ती पर्समध्ये कोंबू नका. त्याच दिवशी वहीत नाव, रक्कम आणि उद्देश लिहा. "शाळेसाठी" आणि "तुझ्यासाठी, बाळा" या दोन रकमा वेगळ्या असतात. देणाऱ्या आजी दुसरी म्हणत असतील तर त्यांना तसं परत विचारून घ्या.

यात गैरसमज फार. मंडळीचा ट्रस्ट थेट केनियातल्या शाळेला पैसे पाठवू म्हणतो. परदेशात खर्च केलेल्या रकमेवर ट्रस्टला आयकराची सूट हवी असेल तर प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, म्हणून खजिनदारांनी आधी सीएला विचारावं. व्यक्तीनं स्वतःच्या खात्यातून बँकेमार्फत पाठवणं सोपं. त्याची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, आपल्या मंडळीत तिची चिंता कोणाला पडायची नाही. एफसीआरएचं नाव काढून कोणी घाबरवलं तर लक्षात ठेवा, तो कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या देणग्यांचा आहे. तुमचे केनियन मित्र नाशिकच्या चर्चच्या छपरासाठी पैसे देऊ लागले, तेव्हा मात्र तो लागू होतो. रोख नेत असाल तर भारतीय नोटा २५,००० रुपयांपेक्षा जास्त बाहेर नेता येत नाहीत.

मला विचाराल तर लोकांना वस्तू सुचवा. मागच्या वेळी तरुण संघानं भिंगं, लोहचुंबक, तांब्याची तार आणि छोटे मल्टिमीटर घेऊन दिले. सगळं मिळून चार किलो भरलं. त्या मल्टिमीटरनं दोन वर्षं वर्ग चालला.

६. आई

पप्पा प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात, होते. नाशिक रोडला "प्रेसमध्ये" म्हटलं की नोटांचा की तिकिटांचा एवढंच विचारतात. ते गेल्यावर आई त्यांच्या पेन्शनवर आणि स्वतःच्या हट्टावर एकटी राहते. दादा-वहिनी पुण्याला.

पहिल्या सुटीत परतीची तारीख मी आईला सांगितलीच नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. शेवटी ती तिला कळली रविवारी उपासनेत. पाळकसाहेबांनी घोषणांमध्ये सांगितलं, "आपल्या भगिनी येत्या सोमवारी सेवेच्या ठिकाणी परतत आहेत." आई पुढच्या बाकावर होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर वरण गरम करत म्हणाली, "अगं, जायचं तर जा. पण मला माणसांत कळवू नकोस." तेव्हापासून मी उतरल्याच्या पहिल्या आठवड्यात तिकीट तिच्यापुढे ठेवते. ती कॅलेंडरवर त्या तारखेला बारीक फुली मारते आणि सुटीभर तो विषय काढत नाही. पायरी एवढीच आहे, पण ती मला सगळ्यांत जड गेली.

बाकीची कामं व्यवहाराची. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, आणि सुटी त्याच महिन्यात येते, हा योग सोडू नका. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, पण आईला बँकेत जाऊन चार ओळखीच्यांना भेटायचं असतं, तेव्हा न्या. तिच्या खात्यावर दादाचं नाव जोडून घ्या. आरोग्य विम्याचे कागद, औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर असं एक पान फ्रिजवर चिकटवा आणि त्याचा फोटो तुमच्याकडे, भावाकडे, शेजारच्या काकूंकडे ठेवा. घराची एक चावी काकूंकडे. रात्री-अपरात्री दवाखान्यात सही कोण करणार, हे नावानिशी ठरवा. "बघू तेव्हा" चालत नाही.

आणि एक प्रश्न विचारायलाच हवा: मी तिकडे असताना आई गेली, तर माझ्यासाठी थांबायचं का? आम्ही तो चहा पिताना विचारला. माझ्या गावाहून नाशिकला पोचायला घाई केली तरी दीड दिवस जातो. आईच म्हणाली, "माझ्यासाठी बर्फ आणू नका. दादा असला की पुरे. तू नंतर ये आणि फुलं ठेव." दादा उठून गॅलरीत गेला. पण ठरलं, आणि मला त्या वाक्याचा पुढे फार आधार झाला.

७. वर्गाची तयारी

नाशिकला बसून पुढच्या सत्राचे धडे आखता येतात, पण अभ्यासक्रमाची ताजी परिपत्रकं मागवून घ्या. केनियात जुनी ८-४-४ पद्धत जाऊन २-६-३-३-३ येते आहे (हे आकडे म्हणजे शिक्षणाच्या एकेका टप्प्याची वर्षं), आणि वरिष्ठ माध्यमिकची पहिली तुकडी २०२६ ची, दहावीच्या वर्गापासून. म्हणजे एकाच शाळेत दोन पद्धती शेजारी-शेजारी चालतात. पोचल्या-पोचल्या मुख्याध्यापक 'स्कीम्स ऑफ वर्क', म्हणजे सत्राच्या धड्यांचं नियोजन, मागतात. त्या जानेवारीत करू म्हणणाऱ्याचा पहिला आठवडा वाया जातो.

भाषा गंजते. दीड महिना मराठी बोलून मी तिकडे उतरले की स्वाहिलीच्या वाक्यात "म्हणजे" येतो. रोज पंधरा मिनिटं सहकाऱ्याशी व्हॉइस मेसेजवर बोलत राहा. नव्यांना धीर यावा म्हणून सांगते, ओळखीचे शब्द पुष्कळ आहेत: साबुनी, किताबू, गारी, चपाती, दुका, आणि विम्याला बिमा. मोठ्यांना करायचा नमस्कार "शिकामो". मराठी कानाला तो "शिका हो" ऐकू येतो. पहिल्या दिवशी चाळीस पोरांनी उभं राहून मला असं बजावलं होतं.

८. बॅग

आफ्रिकेच्या विमानांना बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण तिकिटावर बघून घ्या. नाशिककरांची खरी अडचण वजनाची नाही, पिशव्यांची आहे. आपण चिवडा पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, चपला तिसऱ्या पिशवीत बांधतो. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, आणि ती कागदावरची नाही. विमानतळावरच पिशव्या काढून ठेवायला लावतात. माझा मसाला एकदा तसाच उघडा पडला आणि कपड्यांना वर्षभर वास राहिला. तेव्हा स्टीलचे डबे, घट्ट झाकणाचे टिन आणि आईनं जुन्या साडीच्या शिवलेल्या पिशव्या. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, चिवडा एवढं पुरतं. द्राक्षं, बियाणं, रोपं नेऊ नका. शेतीच्या तपासणीत ती जप्त होतात.

औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत. बॅटऱ्या आणि पॉवर बँकही हातातच. प्लग तिकडे तीन चौकोनी पायांचा असतो. दोन ॲडॉप्टर न्या, एक स्टाफरूममध्ये हरवतोच.

९. निघणं

मुंबईहून नैरोबी थेट सहा तासांच्या आसपास आहे. खरा बेभरवशाचा टप्पा नाशिक ते विमानतळ. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा उघडल्यापासून कसारा घाट टाळता येतो, तरी भिवंडीच्या पुढे देवाच्या हाती. मी रात्रीच्या विमानासाठी दुपारच्या जेवणानंतर निघते. २०२७ मध्ये ऑगस्टच्या सुटीत येणार असाल तर सिंहस्थाच्या पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. त्या दिवसांच्या आगेमागे गाडी नाशिकच्या द्वारका चौकातून हलणार नाही असं धरून तारीख निवडा.

निरोपाची प्रार्थना घरी, आदल्या रात्री. विमानतळावर कोणाला आणू नका. आईला तर नाहीच.

१०. पोचल्यावर

नैरोबीहून मोम्बासाला २०१७ पासून नवी रेल्वे आहे, पाच-सहा तासांची. सामान जास्त असेल तर ती बरी. घड्याळ अडीच तास मागे करा आणि डोक्यातलं घड्याळ आणखी वेगळं: स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. "साआ मोजा", म्हणजे एक वाजता, म्हणजे आपले सकाळचे सात. आपल्या पहिल्या प्रहरासारखंच. तरी पहिल्या आठवड्यात एक तरी बैठक चुकते.

निफाडच्या थंडीतून थेट त्या उकाड्यात उतरल्यावर मच्छरदाणी नकोशी होते. पहिल्या रात्रीपासून लावा. गोळ्या घ्यायच्या की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांशी ठरवून या.

पहिल्या दिवशी वर्गात नवं काही शिकवू नका. मुलांना बोलू द्या. दीड महिन्यात कुणाची आजी गेलेली असते, कोणाची फी भरायची राहिल्यानं तो आलेलाच नसतो, आणि तुमच्या जागी शिकवणाऱ्या सहकाऱ्यानं एखादा धडा तुमच्यापेक्षा चांगला शिकवलेला असतो. त्याला तसं सांगा, सगळ्यांसमोर.

आमचा फोन रविवारी, तिकडच्या साडेपाचला. नाशिकला तेव्हा आठ वाजलेले असतात आणि आई जेवून बसलेली असते. पहिल्या रविवारी ती सेवेचं काही विचारत नाही. पाणी आलं का, पंखा चालतो का, आणि चिवडा किती उरलाय? चिवडा स्टाफरूममध्ये दुसऱ्याच दिवशी संपलेला असतो. मी अर्धा डबा आहे म्हणते.